पायरीवरची हाक

माझ्या आईचं एक ठाम मत होतं: भाव दुकानात उतरत नाही, पायरीवर उतरतो. आत बसून कितीही घासाघीस करा, दुकानदार हलायचा नाही. आपण उठायचं, पिशवी उचलायची, चपला पायात सरकवायच्या आणि पायरी उतरायला लागायचं. दुसऱ्या पायरीला मागून हाक येते. येतेच. सांगलीच्या बाजारात मी लहानपणी तिच्या पदराला धरून हे इतक्यांदा बघितलं की पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे पाठ झालं.

लग्नानंतर काही वर्षांनी लखनौला आले आणि कळलं की आईची विद्या इथे जास्तच चालते. इथला दुकानदार मुळातच गोड. अमीनाबादच्या बाजारात मी नुसती भुवई चढवली तरी, "अरे बहनजी, आप तो नाराज हो गईं! आइए, बैठिए तो सही." अठरा वर्षांत मला तिसरी पायरी कधी उतरावी लागली नाही. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या, अमुक साडी कितीला पडली, आणि मी सांगितलं की त्यांची तोंडं पडायची. मला त्याचा गर्व होता. कशाला खोटं बोलू.

हे आधीच सांगते आहे, कारण मी माझ्या पोटच्या पोरीचं जे नुकसान केलं ते याच एका सवयीपायी केलं.

आमचे हे सरकारी बँकेत. बदली होऊन इथे आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. अलीगंजात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पुढे ह्यांच्या बदल्या उत्तर प्रदेशभर होत राहिल्या, आम्ही दोघी मात्र इथेच टिकून राहिलो, आणि अलीकडे हेही परत इथल्या शाखेत आले. मी सांगलीत डीटीपीचा कोर्स केलेला होता, त्यामुळे घरी बसून कामं मिळाली. आधी कोचिंग क्लासची पत्रकं, मग लग्नपत्रिका, आणि मग शेजारणीच्या ओळखीने मलिहाबादच्या बागवाल्यांच्या आंब्याच्या पेट्यांची लेबलं. एप्रिल संपत आला की फोन सुरू. त्यातले एक म्हातारे चाचा तर दरवर्षी एकच सांगतात, "बिटिया, इस बार तोता थोड़ा और हरा कर दो." तो पोपट आता इतका हिरवा झालाय की यापुढे तो झाड व्हायचाच बाकी आहे.

माझं लेबल ठरलेलं. मध्ये डोक्यावर टोपली घेतलेली बाई, तिच्या खांद्याशी पोपट, वर सोनेरी अक्षरांत बागेचं नाव, खाली रसरशीत दसहरी आंबा. मुलगी कॉलेजात डिझाइन शिकायला लागल्यावर माझ्या लेबलांकडे बघून नाक मुरडायची. "मम्मी, इसमें सब कुछ चिल्ला रहा है."

"मग? आंबा विकायचाय की मौनव्रत पाळायचंय?" मी म्हणायची.

ती हसायची. मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच झाली होती. मराठी तिने दोनच गोष्टींसाठी राखून ठेवली होती: सांगलीच्या आजीचा फोन आणि राग.

आता त्या प्रोग्रॅमचं सांगते, ज्यावर हे सगळं चालतं. पूर्वी त्याची सीडी मिळायची. एकदा पैसे मोजले, डबा घरी आणला, की तो आपला. मी ती सीडी अकरा वर्षं वापरली. दर खंडेनवमीला कीबोर्डशेजारी ती सीडी ठेवून हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. सुतार पटाशीची करतो, शिंपी मशीनची करतो, तशी माझी पूजा. मग नवीन कॉम्प्युटरला सीडी घालायला भोकच उरलं नाही, आणि छापखान्यातले लोक माझ्या जुन्या फायली परत पाठवायला लागले. दीदी, नए वाले में भेजिए. नवं काय, तर भाड्याचं. दर महिन्याला नाहीतर दर वर्षाला पैसे भरा, तोवर वापरा. भरणं थांबलं की दार बंद. पहिल्या खंडेनवमीला मी पाटाशी बसून राहिले. पूजा कशाची करू, हप्त्याची?

माझा संताप पैशाचा होता, पण नुसता पैशाचा नव्हता. शिंप्याला कुणी सुई भाड्याने देतं का? आणि देऊन वर असं म्हणतं का, की ज्या दिवशी भाडं चुकेल त्या दिवशी सुई तर जाईलच, पण तू आजवर शिवलेली पोलकीही कपाटात कुलूपबंद होतील? शिवली मी, कापड माझं, आणि किल्ली त्यांच्याकडे! त्यात भाव कसा, तर नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त, जुन्याला महाग. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन हिरव्या मिरच्या जास्त टाकतो. या कंपनीवाल्यांकडे जुनं झालं की सुरी.

म्हणून मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी संधी साधली. विद्यार्थ्यांना तोच प्रोग्रॅम पाव भावात मिळत होता. तिच्या नावाने खातं उघडलं, कार्ड माझं दिलं, फोन नंबर माझा दिला. एका खात्यावर दोन मशीन चालायची. एक तिचा लॅपटॉप आणि दुसरा माझा टेबलावरचा कॉम्प्युटर. शिक्षण तिचं आणि धंदा माझा. याला चोरी म्हणा हवं तर. मी तेव्हा काटकसर म्हणत होते.

तिच्या तिसऱ्या वर्षी मुदत संपताना भाव वाढल्याचा मेसेज आला. मी रागाच्या भरात खातं उघडलं आणि बंद करायचं बटण दाबलं. एक पान आलं, दुसरं आलं, आणि तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत, थांबा, जाऊ नका, तुमच्यासाठी खास, आणखी एक वर्ष जुन्याच भावात! मी खुर्चीतून अशी ओरडले की मुलगी आंघोळ अर्धी टाकून धावत आली.

"क्या हुआ?"

"अगं, हाक आली! दुसऱ्या पायरीवर हाक आली!"

तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "मम्मी, तुमने सॉफ्टवेयर से मोलभाव किया?" मग ती इतकी हसली की केसांचं पाणी सगळ्या फरशीवर. त्या आठवड्यात मी ही गोष्ट मंडळाच्या निदान दहा बायकांना सांगितली असेल.

चौथं वर्ष म्हणजे शेवटचं. तिला एक फिल्म करायची होती, दीड मिनिटाची, चित्रांची. विषय एवढाच कळला होता की आंब्याच्या पेटीवर काहीतरी आहे. विचारलं की, "बाद में." दार लावून काम करायची. मी चहा नेला की स्क्रीनवर दुसरंच काहीतरी उघडायची. एक दिवस मी भाजीच्या गाडीवर उभी असताना ती मागे फोन धरून उभी दिसली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, मेसेज बघतेय.

त्या फिल्मवर तिचं सगळं अडलेलं होतं. दरवर्षी शेवटच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या परीक्षेला, अहमदाबादचा एक स्टुडिओ येतो आणि एका, फक्त एका विद्यार्थ्याला आपल्याकडे शिकायला घेऊन जातो, पगार देऊन. दुसऱ्या वर्षापासून तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला त्या स्टुडिओच्या कामाचे फोटो चिकटवलेले होते. हट्ट करणारं पोर नाही ते. पण मला एकदा म्हणाली होती, "मम्मी, बस वो मिल जाए, फिर मैं कुछ नहीं माँगूँगी." ज्युरी मंगळवारी सकाळी अकराला होती. रविवारपर्यंत फिल्म झाल्यातच जमा होती. एकदा शेवटचा आवाज जुळवायचा आणि प्रोग्रॅममधून तयार फिल्म बाहेर काढायची, एवढंच राहिलं होतं. तीन दिवस ती धड झोपली नव्हती. रविवारी अकराच्या सुमारास म्हणाली, "मैं थोड़ा सो लेती हूँ, चार बजे उठा देना," आणि आडवी झाली.

साडेबाराला मी पोळ्या करत होते. ओट्यावर फोन वाजला. बँकेचा मेसेज. खात्याचं नवं वर्ष सुरू झालं होतं आणि माझ्या कार्डावरून पैसे गेले होते. आकडा बघून मला वाटलं माझाच चष्मा बिघडला. गेल्या वर्षीच्या दुप्पट, वर आणखी थोडं. ना विचारणं ना सांगणं. सांगितलंही असेल एखाद्या ईमेलात, कुणी वाचलंय!

माझं डोकं फिरलं. तव्यावरची पोळी तशीच उतरवली, गॅस बंद केला, पिठाच्या हातांनी कॉम्प्युटरसमोर बसले. मनात एवढंच होतं, की थांब मेल्या, तुला दाखवते. मुलीला उठवून विचारावं हे डोक्यातही आलं नाही. दुकानातून उठताना आपण पोरांना विचारतो का?

बंद करा. कारण काय? फार महाग. पुढे. तुम्ही जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. पुढे. दर पानावर मी जरा थांबत होते. पायरीवर थांबतो ना आपण, पदर सारखा करायच्या निमित्ताने, दुकानदाराला वेळ मिळावा म्हणून, तशी. नक्की बंद करायचं? मी हसले आणि हो वर दाबलं. आता येईल हाक.

हाक आली नाही. तुमचा प्लॅन आत्तापासून बंद झाला आहे, पूर्ण रक्कम परत केली जाईल, असं एक छोटं वाक्य आलं आणि खाली धन्यवाद.

मग वाटलं, बरं झालं, पैसे तर सुटले. संध्याकाळी विद्यार्थी म्हणून पुन्हा नव्याने घेऊ, नव्याला स्वस्तच देतात ना. एवढं ठरवून मी उठले, हात धुतले, राहिलेल्या पोळ्या केल्या. तिला आवडते म्हणून बटाट्याची काचऱ्यांची भाजी केली. किती निवांतपणे परतत होते मी ती भाजी!

चार वाजता तिला उठवलं. चहा घेऊन ती खोलीत गेली. दोन मिनिटांनी आतून हाक आली. ओरडली नाही ती. म्हणूनच मी हातातलं टाकून उठले.

"मम्मी. इधर आना. यह क्या लिखा है?"

मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. पैसे किती कापले, मी कसं लगेच बंद केलं, कसे सगळे परत येणार. निम्मं सांगेपर्यंत माझा आवाज चढा होता. मग तिचा चेहरा बघून तो आपोआप बसला.

"फिल्म अंदर है," ती म्हणाली.

"कशाच्या आत?"

"उसी के अंदर, मम्मी! मेरा लैपटॉप फुल था. दो हफ्ते से सब उन्हीं के ऑनलाइन स्टोरेज में रख रही हूँ."

लॅपटॉपवर दोन आठवड्यांपूर्वीची एक कच्ची प्रत होती. तिच्यात आवाज नव्हता, अर्धी चित्रं पेन्सिलीच्या रेघांतच होती. आणि ती उघडायलाही तोच प्रोग्रॅम लागत होता, जो मी पिठाच्या हातांनी बंद केला होता.

मग जे झालं ते आठवताना आजही मला आमच्या तिघांचा एकमेकांवर आपटणारा आवाज ऐकू येतो. आधी विद्यार्थी म्हणून पुन्हा घ्यायला गेलो. ओळखपत्राचा फोटो पाठवा, तपासायला दोन ते तीन कामाचे दिवस लागतील. आज रविवार. मंगळवारी अकरा वाजता ज्युरी. मग मी म्हटलं, मरू दे, पूर्ण भावात घे, माझं कार्ड घे. माझं कार्ड नाकारलं. हे दुपारची झोप मोडून बनियनवर बाहेर आले, चष्मा डोक्यावर. ह्यांचं कार्ड घातलं. ओटीपी येईना. आला तेव्हा वेळ संपली होती. ह्यांचं दुसरं कार्ड काढलं, घाईत नंबर चुकला, पुन्हा घातला. आणि स्क्रीनवर आलं, सुरक्षेसाठी हे खातं तपासणीपुरतं थांबवण्यात आलं आहे, कृपया अठ्ठेचाळीस तास वाट पाहा.

"हां," हे हळूच म्हणाले, "आमच्याकडेही असंच असतं. लागोपाठ तीन वेळा चुकलं की सिस्टिम लॉक करते."

"मग हे आधी नाही सांगता आलं?" मी त्यांच्या अंगावर धावून गेले. "जन्म गेला बँकेत आणि आता सांगता?" त्या माणसाचा काय दोष! पण माझा राग कुठेतरी सांडायलाच हवा होता, आणि खरा जिथे सांडायचा तिथे बघायची माझी हिंमत नव्हती.

कंपनीशी बोलायला एक खिडकी होती. तिथे लिहून बोलायचं. मी इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिली. बेटी का एग्जाम है परसों, गलती मेरी है, पैसे जितने बोलोगे उतने देती हूँ, बस खोल दो. उत्तर आलं, आपकी परेशानी मैं समझ सकती हूँ. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. क्या मैं और किसी चीज में आपकी मदद कर सकती हूँ? तेव्हा कळलं, पलीकडे माणूसच नाही. आणि तेव्हाच मला माझी अठरा वर्षांची हुशारी कळली. अमीनाबादेत मी पायरी उतरायची तेव्हा मागे एक माणूस माझ्या पाठीकडे बघत बसलेला असायचा. त्यालाही संध्याकाळी घरी काहीतरी न्यायचं असायचं. भाव माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे उतरत होता.

मुलीने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघून मराठीत बोलली. स्वच्छ, सावकाश, आजीशी बोलते तशा मराठीत.

"तू माझी परीक्षा घेऊन बाजारात गेलीस."

मी स्वयंपाकघरात गेले आणि झाकून ठेवलेल्या पोळ्यांकडे बघत उभी राहिले. रडायलाही लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी मी माझ्या स्वतःच्या नावाने नवं खातं उघडलं. ह्यांच्या कार्डावर, पूर्ण भावात, वर्षाचा करार, मध्ये सोडलं तर दंड. हे कधीही करणार नाही म्हणून मी शपथ घेतली होती. एका मिनिटात झालं. पैसे घ्यायचे असले की कंपनीला अठ्ठेचाळीस तास लागत नाहीत. निदान ती जुनी कच्ची प्रत तरी उघडली. दिवसभर ती माझ्या टेबलाशी बसून मिळेल तेवढं जोडत होती. मी मागे उभी राहायची आणि निघून जायची. एकदा म्हणाले, "मी येते उद्या तुझ्याबरोबर. तुझ्या मॅडमना सांगते, चूक माझी आहे म्हणून."

"नहीं." तिने मान वर केली नाही. "प्लीज, तुम मत आना."

मंगळवारी ती निघाली तेव्हा मी गॅलरीत होते. खाली ई-रिक्षात बसताना दिसली. तिच्या मांडीवर आंब्याच्या तीन रिकाम्या पेट्या होत्या, दिवाणाखाली मी साठवून ठेवलेल्यांतल्या, माझ्या जुन्या लेबलांच्या. केव्हा काढल्या कोण जाणे. मला विचारलं नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. मी देवापुढे बसले नाही. कुठल्या तोंडाने बसणार? चाचांचा पोपट उघडला आणि त्याचा हिरवा कमीजास्त करत राहिले.

दीड वाजता ती आली. पेट्या जमिनीवर ठेवल्या, माठातलं पाणी घेतलं.

"झालं?"

"हाँ, हो गया. पास हूँ."

"आणि ते अहमदाबादवाले?"

"उन्होंने दूसरी लड़की को ले लिया." तिने पाण्याचा दुसरा पेला भरला. "उसकी फिल्म पूरी थी."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, अपुरी का म्हणून विचारलं असेल ना त्यांनी? काय सांगितलंस?

"बोल दिया कि मुझसे डिलीट हो गई."

"तुझ्याकडून? अगं, तुझी कुठे चूक होती?"

"तो क्या बोलती, मम्मी? सबके सामने बोलती कि मेरी मम्मी ने कैंसल दबा दिया?"

आणि मग ती रडली. मी जवळ घ्यायला गेले, तर तिने घेऊ दिलं. ते मला जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी ईमेल आला. तपासणी पूर्ण झाली आहे, खातं पुन्हा सुरू केलं आहे, ओळखपत्र मान्य झाल्यामुळे आता विद्यार्थ्यांच्या दरात नव्याने घेता येईल, आपण धीर धरल्याबद्दल आभारी आहोत. मुलगी मैत्रिणीकडे वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत गेली होती. मी एकटीच होते. पैसे भरले आणि खातं उघडलं. सगळं जसंच्या तसं होतं, एक रेघही इकडची तिकडे झालेली नव्हती. तिने फिल्म मला कधी दाखवली नव्हती आणि बघ असंही म्हटलं नव्हतं. मी उघडली.

आधी पेटी दिसली. पेटीवर माझं लेबल. मुलीने नाक मुरडलेलं, सगळं चिल्लाणारं, जसंच्या तसं, एक रंगही न बदलता. मग टोपलीवाली बाई हलली. अकरा वर्षं मी तिला काढतेय, मान कायम ताठ, कारण मला मान वळवलेली काढता येत नाही. तिने मान वळवली. पेटीवरून खाली उतरली, पोपटाला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागली. बाजार आला, पायऱ्या आल्या, एक दुकानदार आला. बाईने तोंड उघडलं आणि आतून माझा आवाज आला.

"कैसे दिए? ... हाय राम, सोना बेच रहे हो क्या? ... रहने दो भैया, हम जा रहे हैं."

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवरचा माझा आवाज. मागे फोन धरून उभी होती ती, तो दिवस. फिल्ममधली बाई वळते. एक पायरी उतरते. दुसरी उतरते. मग काहीच होत नाही. तीन-चार सेकंद नुसती शांतता. पोपट गुपचूप मागे वळून बघतो. आणि मागून हाक येते, "अरे बहनजी, सुनिए तो!" बाई अजून पाठमोरीच असते, पण पडद्यावर आपल्याला तिचा चेहरा दिसतो. ती हसत असते. मी अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

ज्युरीने हे बघितलं नाही. अहमदाबादवाल्यांनी बघितलं नाही. मी तीनदा बघितलं आणि चौथ्यांदा बघवेना. संध्याकाळी मुलगी आल्यावर सांगितलं, बघितली म्हणून. "अच्छी थी?" तिने विचारलं. मी नुसती मान हलवली.

आता ती नोएडाला असते. खरेदीच्या एका वेबसाइटसाठी चित्रं करते. सेल लागला की तारांबळ उडते, म्हणते, मम्मी, दिन भर छूट के स्टिकर बनाती हूँ. पगार बरा आहे. कपाटाच्या आतले फोटो तिने जाताना काढून नेले नाहीत. ते अजून तिथेच आहेत, मी ते कपाट सहसा उघडत नाही.

परवा माझ्या नावाच्या खात्याचं वर्ष संपत आल्याचा मेसेज आला. यंदा भाव आणखी वाढला होता. ऐन हंगाम, पण या वेळी मी तयारीत होते. सगळी लेबलं, सगळ्या वर्षांची, आधीच बाहेर काढून ठेवली होती, कुठलाही कॉम्प्युटर उघडू शकेल अशी. पुढचं काम फुकटच्या एका साध्या प्रोग्रॅमवर करायचं ठरवलं होतं, चाचांचा पोपट थोडा वाकडा आला तर येऊ दे. पण बटणाला हात लावायच्या आधी मी तिला फोन केला.

"तुझं काही माझ्याकडे अडकलेलं नाही ना? नीट बघून सांग."

"नहीं मम्मी. क्यों?"

"बंद करतेय."

"हाँ तो करो ना," ती म्हणाली. मग मराठीत, अगदी हलक्या आवाजात, "आई, आता काही नाहीये तिथे."

फोन ठेवला. बंद करा. कारण, फार महाग. पुढे. आम्हाला वाईट वाटतं. पुढे. या वेळी मी कुठेच थांबले नाही, पदर सारखा केला नाही. हो वर बोट टेकणार, तेवढ्यात सगळा स्क्रीन रंगीत झाला. थांबा! जाऊ नका! तुमच्यासाठी खास, पुढचं वर्ष निम्म्या भावात! आणि खाली बारीक अक्षरांत, तरीही बंद करायचं? हो.

मी बोट मागे घेतलं.

"मेल्या," मी मोठ्याने म्हणाले, "त्या रविवारी कुठे गेला होतास?"

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि हो वर बोट दाबलं.